सुट्टीचा ठेका, किनाऱ्यावरचं गाव : वाचकांचे प्रश्न

डान्स संगीताचा रेडिओ आणि उन्हाळी सुट्टीत समुद्रावर जाणाऱ्यांची गावकऱ्यांशी होणारी भांडणं, या दोन विषयांवर मागच्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. पत्रं वाचल्यावर लक्षात आलं की सोलापूरकरांसाठी हे विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की इथून गाड्या कोकणाकडे आणि गोव्याकडे निघतात आणि डिकीत स्पीकर असतो. ध्वनियंत्रणा आणि प्रसारण या कामांतल्या मंडळींनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीतली बावीस माणसं दर मे महिन्यात मालवणच्या बाजूला जातात. सोबत चाकांचा ट्रॉली स्पीकर असतो. गेल्या वर्षी रात्री साडेनऊलाच गावातली चार माणसं आली आणि बंद करा म्हणाली. कायद्यानं दहापर्यंत मुभा आहे ना? मग चूक कुणाची? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : साडेनऊला आलेली माणसं चुकीची नव्हती. दहापर्यंत काहीही वाजवा असं कायदा कुठेच म्हणत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे लाउडस्पीकर लावायला आधी लेखी परवानगी लागते आणि ती दिवसाही लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात बंदिस्त सभागृहाबाहेर तो लावताच येत नाही. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं. सहल त्यात बसत नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सार्वजनिक जागेतल्या स्पीकरचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेच्या वर १० डेसिबल किंवा एकूण ७५, यातलं जे कमी असेल तेवढाच चालतो.

आता तुमचा स्पीकर बघू. १५ इंची ट्रॉली रंगात आली की एक मीटरवर सहज ९५ डेसिबल देते. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे १० मीटरवर ७५ आणि १०० मीटरवर ५५. तो ४५ वर यायला तीनशे मीटरहून जास्त अंतर लागतं, आणि किनाऱ्यालगतच्या वाडीतलं पहिलं घर बहुतेक वेळा शंभर मीटरच्या आतच असतं. मधलं सुरूचं बन आवाज अडवेल हा भरवसा नको. दहा-वीस मीटरच्या झाडीनं फार तर वरच्या पट्टीतला आवाज किंचित बसतो, खालचा ठेका जसाच्या तसा पार होतो.

त्यात किनाऱ्याची हवा. संध्याकाळपर्यंत वारा समुद्राकडून गावाकडे वाहतो आणि आवाज घेऊन जातो. रात्री वाळू निवली की जमिनीलगतची हवा गार होते, वरची ऊबदार राहते, आणि वर गेलेला आवाज वाकून पुन्हा खाली उतरतो. दुपारी ज्या घरात काही पोचत नव्हतं तिथे रात्री गाण्याचा शब्द न् शब्द कळतो. मासेमारी करणारी घरं पहाटे अंधारात उठतात, त्यामुळे साडेनऊ ही त्यांची झोपेची वेळ. तुमची रात्र एकच असते; त्यांच्या वाट्याला एप्रिल आणि मेमधली जवळजवळ प्रत्येक रात्र येते, रोज नव्या पाहुण्यांची.

यावर उपाय आहे आणि गाणी बंद न करता आहे. बावीस माणसांनी स्पीकरपासून दोन मीटरवर गोल करून बसायचं आणि आवाज एक मीटरवर ८० डेसिबलच्या आसपास ठेवायचा. दोन मीटरवर तो ७४ मिळतो, नाचायला पुरतो, आणि पन्नास मीटरवर ४६ उरतो. हे दहाच्या आधी, आणि मालकांना विचारून. स्पीकर कंपाउंडच्या भिंतीला किंवा कोपऱ्यात टेकवू नका; प्रत्येक भिंत बास, म्हणजे खालचा ठेका, आणखी फुगवते. ट्रॉलीवर ‘बास बूस्ट’चं बटण असतं ते बंद, आणि इक्वलायझरमध्ये सर्वांत डावीकडची पट्टी पूर्ण खाली. स्पीकरचं तोंड समुद्राकडे केल्यानं झांजेचा, शिट्टीचा आवाज गावाकडे कमी जातो. बासला मात्र तोंडच नसतं, तो चहूकडे पसरतो.

आणि सगळ्यांत आधी, सामान उतरवताना, घरमालकांना विचारा: ‘काका, इथे गाणी कितीपर्यंत चालतील?’ ते जी वेळ सांगतील ती पाळा, आठ म्हणाले तर आठ.

प्रश्न : मी लग्नकार्यात साउंड लावतो. मोबाइलवरच्या मीटरमध्ये हद्दीवर ६० दिसतं, तरी शेजारी म्हणतात खिडक्या थरथरतात. मीटर खोटं की माणसं? (अक्कलकोट रोड, सोलापूर)

उत्तर : शेजाऱ्यांवर विश्वास ठेवा. नियमांतले डेसिबल ‘ए’ मापानं मोजतात. हे माप कानाच्या सवयीप्रमाणे खालचे स्वर वजा करतं: १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, ५० हर्ट्झला तब्बल ३०. म्हणजे तुमच्या सबवूफरमधून (नुसत्या बासच्या स्पीकरमधून) ५० हर्ट्झचा ८५ डेसिबलचा धक्का निघाला तर ‘ए’ मापात तो ५५ दिसतो. खिडकीच्या काचेला आणि छातीला मात्र पूर्ण ८५ लागतो. शिवाय मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, फार खालचे स्वर तो धड पकडतही नाही.

भाड्यानं का होईना, ‘सी’ माप असलेलं मीटर घ्या; ते खालचे स्वर फारसे वजा करत नाही. एकाच जागी, एकाच गाण्याला ‘सी’ आणि ‘ए’ दोन्ही आकडे लिहा. फरक १५-२० च्या वर गेला तर अडचण बासची आहे, आणि सगळा आवाज कमी करून ती सुटत नाही. नुसत्या सबचा (सबवूफरचा) आवाज ६ डेसिबलनं उतरवा. क्रॉसओव्हरमध्ये (खालचे-वरचे स्वर वेगळे करणाऱ्या यंत्रात) ४५ हर्ट्झखालचं सगळं कापा, उतार २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की २४ डेसिबल कमी). त्या खालचं गाण्यात फारसं नसतंच, ॲम्प्लिफायर मात्र तापतो.

दोन सब असतील तर मागच्या बाजूचा बास मारता येतो. एक सब दुसऱ्याच्या मागे १.२ मीटरवर, एका रेषेत ठेवा. मागच्याची पोलॅरिटी उलटी करा (म्हणजे पुढचा कोन बाहेर येतो तेव्हा मागचा आत जातो) आणि त्याला ३.५ मिलिसेकंद डिले, म्हणजे उशीर, द्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून १.२ मीटरला एवढाच वेळ लागतो. मागच्या दिशेला दोघांचे आवाज एकमेकांना खोडतात, पुढे ७० हर्ट्झच्या आसपास ते एकमेकांत मिळतात. नीट जमलं तर मागे १० डेसिबल आणि त्याहूनही जास्त फरक पडतो. चुकतं कुठे? दोन सब वेगवेगळ्या मॉडेलचे असतात, किंवा मागे लगेच भिंत असते आणि तिच्यावरून आपटून सगळं परत येतं. भिंतीपासून निदान दोन मीटर सोडा. डिले टाकून पोलॅरिटी बदलायची राहिली तर उलटा परिणाम होतो आणि बास शेजाऱ्याकडेच जोरात जातो. म्हणून मागे उभं राहून ऐकल्याशिवाय पाहुण्यांना आत घेऊ नका.

प्रश्न : दापोलीजवळ जुनं कौलारू घर घेऊन आम्ही पाहुण्यांसाठी तीन खोल्या केल्यात. सोलापूर-पुण्याचे ग्रुप येतात, त्यांना गाणी हवी असतात. शेजारची मंडळी आता आमच्याशी बोलेनाशी झाली आहेत. खिडक्यांना दुपदरी सोलापुरी चादरी लावल्या तर आवाज थांबेल का? (मूळ पंढरपूरचे वाचक)

उत्तर : चादरीनं खोलीतला घुमारा कमी होईल, शेजाऱ्यांचा त्रास कमी होणार नाही. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. काही मिलिमीटरचं कापड तिला अडवू शकत नाही. अडवायला वजन लागतं. तुमच्या चिऱ्याच्या भिंती त्या कामाला उत्तम आहेत. गळती होते ती भिंतीच्या माथ्यावरून, जिथे वासे टेकतात आणि कौलांखाली मोकळी फट राहते. हवेसाठी ती फट हवीच. म्हणून कौलारू घरात मोठा आवाज कोंडता येत नाही, हे मान्य करून पुढचं ठरवायला हवं. स्लॅबची एखादी खोली असेल तर तिला जाड लाकडी दार, चौकटीला रबरी पट्टी, खिडकीला आतून दुसरी काच (दोन काचांत १० सेंटिमीटर अंतर) एवढं करून गाण्याची खोली तीच ठेवा.

पाहुण्यांचे स्पीकर चालू देऊ नका, तुमची यंत्रणा द्या. तिच्यात लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारं यंत्र) बसवता येतो. स्पेनमध्ये अनेक नगरपालिका संगीत वाजवणाऱ्या जागांना सीलबंद लिमिटर सक्तीचा करतात. आत रोजची आवाजाची नोंदही राहते. तुम्हाला एवढं महाग यंत्र नको, डिजिटल स्पीकर प्रोसेसर पुरे. पद्धत अशी: पिंक नॉइज (सगळे स्वर असलेला चाचणीचा सळसळता आवाज) लावा, एक जण मीटर घेऊन शेजाऱ्यांच्या बाजूच्या कुंपणाशी उभा राहील. खाजगी जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा फार तर ५ डेसिबल जास्त चालतं, म्हणजे दिवसा ६०. तुम्ही ५० वर थांबा. तो आवाज आला तिथे लिमिटरची कमाल मर्यादा कायम करा, पासवर्ड घाला. मग बास जास्त असलेलं खरं गाणं लावून ‘सी’ मापात पुन्हा बघा. ॲम्प्लिफायरच्या प्लगला टायमर लावा, साडेनऊला वीज बंद.

शेजारी का बोलत नाहीत याचं कारण नुसती गाणी असेल असंही नाही. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभ्यातून पाणी झिरपून जातं आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. त्याच महिन्यांत तुमच्याकडे रोज बारा माणसं दोनदा शॉवर घेतात. वाडीची विहीर तुम्ही वापरत असाल तर ते ताबडतोब थांबवा आणि मेसाठी टँकरचं पाणी विकत घ्या. बुकिंग घेतानाच वेळ, पाणी, गाडी कुठे लावायची हे तिन्ही फोनवर सांगा आणि मेसेजमध्ये लिहून पाठवा. फलक वाचून कुणी बदलत नाही. पैसे भरण्याआधी ऐकलेलं लक्षात राहतं.

प्रश्न : विद्यापीठात शिकतो. मित्रांसोबत डान्स संगीताचा इंटरनेट रेडिओ सुरू करायचा आहे. काय लागेल, किती डेटा जाईल, परवाने कुठले? (केगाव, सोलापूर)

उत्तर : सामान थोडंच लागतं. एक लॅपटॉप, यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एक डायनॅमिक माइक, बंद कपांचे हेडफोन. मिक्सिंगसाठी ‘मिक्स’ (Mixxx) हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याच्यातूनच थेट प्रसारण करता येतं. किंवा मिक्सरचा आवाज ‘बट’ (butt) नावाच्या छोट्या प्रोग्रॅममधून सर्व्हरला पाठवा. सर्व्हरवर ‘आइसकास्ट’ (श्रोत्यांपर्यंत प्रसारण पोचवणारं सॉफ्टवेअर) बसवा. सर्व्हर घरात ठेवू नका, भाड्यानं घ्या. घरून फक्त एक धार (स्ट्रीम) वर जाते: १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट). तिच्यासाठी अपलोड निदान ४०० केबीपीएस सलग हवा. चाळीस श्रोते झाले की सर्व्हरकडून पाच एमबीपीएस जातील, ते ओझं घरच्या जोडणीनं उचलायचं नाही.

श्रोत्याचा डेटा: १२८ केबीपीएसला तासाला सुमारे ५८ एमबी. ६४ केबीपीएस एएसी-प्लस (आवाज कमी जागेत बसवणारा फॉरमॅट) ठेवलं तर २९ एमबी, आणि मोबाइलच्या स्पीकरवर दोन्हींतला फरक कळत नाही. दोन्ही धारा द्या.

प्रसारण कोसळतं ते सॉफ्टवेअरमुळे क्वचित, विजेमुळे बहुतेकदा. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस घ्या. सर्व्हरवर ‘लिक्विडसोप’ लावून ठेवा: थेट धार दहा सेकंद तुटली की ते आपोआप साठवलेली गाणी सुरू करतं. श्रोता शांतता फार वेळ ऐकत नाही.

आवाजाची समान पातळी हे डान्स रेडिओचं निम्मं काम आहे. जुनं लोकगीत आणि आजचं क्लब मिक्स यांच्यात ८-१० डेसिबलचा फरक सहज असतो. सगळ्या फाइल उणे १६ लफ्सवर (LUFS, ऐकू येणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणा, शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मिनिटाला १२४ ठोक्यांच्या लयीवरून १२८ वर जायचं तर वेग ३.२ टक्के वाढतो. ‘की लॉक’ चालू ठेवा, नाहीतर गाणाऱ्याचा सूर चढतो. प्रत्यक्ष वाजवलेली हलगी किंवा संबळ मिसळताना एकच ग्रिड (सॉफ्टवेअरमधली ठोक्यांची आखणी) चालत नाही. वाजवणारा रंगात आला की लय पुढे सरकते. दर आठ मात्रांनी ग्रिडची खूण पुन्हा बसवावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय हलगी आणि किक (डान्स संगीतातला खालचा ठोका) एकमेकांना अडखळतात.

परवाने. इथे ‘यूट्यूबवर सगळे करतात’ हे उत्तर नाही. प्रत्येक गाण्यात दोन हक्क असतात: शब्द-संगीताचा आणि ध्वनिमुद्रणाचा. पहिल्यासाठी बहुतेक वेळा आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे जावं लागतं, दुसऱ्यासाठी संगीत कंपनीकडे किंवा तिच्या वतीनं परवाने देणाऱ्या संस्थेकडे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डी मध्ये रेडिओ-टीव्हीला ठरलेल्या दरानं वैधानिक परवाना मिळतो, पण तो इंटरनेटवरच्या सेवांना लागू नाही असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठानं तो कायम ठेवला. म्हणून आमचा आग्रहाचा सल्ला: सुरुवात स्वतःच्या ध्वनिमुद्रणानं करा. सोलापूर आणि आसपासच्या गावांत हलगी, संबळ, लेझीम वाजवणारे हात आहेत. त्यांना मानधन द्या, लेखी संमती घ्या, आणि त्या तालावर तुमचं संगीत बांधा. हलगीसाठी माइक दीड-दोन मीटर लांब ठेवा आणि शिखर उणे १२ च्या खाली राहू द्या, कारण हलगीचा पहिला फटका मीटर दाखवतं त्याहून तीव्र असतो. अशा गाण्यांचे हक्क तुमच्याकडे आणि वादकांकडे राहतील, आणि हे संगीत दुसऱ्या कुठल्या केंद्रावर ऐकायला मिळणार नाही.

खऱ्या एफएमवर यायचं असेल तर एकट्या माणसाला किंवा धंद्याला कम्युनिटी रेडिओ मिळत नाही. शैक्षणिक संस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा किमान तीन वर्षं काम केलेली नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते. तिथे प्रसारणशक्ती साधारण १०० वॅट ईआरपीपर्यंतच (ईआरपी म्हणजे अँटेना धरून प्रत्यक्ष निघणारी शक्ती) असते आणि कार्यक्रम समाजाच्या उपयोगाचे हवेत. डान्सचा एक तास त्यात बसवता येतो.

तुम्हाला एक विनंती. सुट्टीला निघणारी पोरं तुमचाच रेडिओ ऐकणार. शुक्रवारच्या कार्यक्रमात दोन मिनिटं काढून त्या आठवड्यातल्या भरतीच्या वेळा सांगा (भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते), वाळूवर गाडी घालू नका म्हणून सांगा, आणि कोकणातल्या एखाद्या गावकऱ्याला फोनवर बोलतं करा. गाणी लावणाऱ्याचं तरुण ऐकतात. पोलिसांच्या फलकाला ते वजन नसतं.

प्रश्न : स्पीकरऐवजी छोटा एफएम ट्रान्समीटर लावून प्रत्येकानं मोबाइल-इअरफोनवर ऐकलं तर? किनाऱ्यावर कुणाला त्रास नाही. (बार्शी)

उत्तर : विचार चांगला, साधन चुकीचं. एफएम पट्ट्यात विनापरवाना प्रसारण करता येत नाही, आणि ऑनलाइन मिळणारे ट्रान्समीटर नेमके त्याच पट्ट्यावर चालतात. स्वस्त यंत्रं ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या आजूबाजूलाही कचरा फेकतात. एफएमच्या वरच्या टोकाला, १०८ मेगाहर्ट्झपासून, विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. तिथे ढवळाढवळ नकोच.

‘सायलेंट पार्टी’चे वायरलेस हेडफोन भाड्यानं मिळतात. घेताना पट्टा विचारा. २.४ गिगाहर्ट्झचे असतील तर परवाना लागत नाही. परदेशातून आणलेल्या काही संचांचा पट्टा इथे मोकळा नसतो. आदल्या रात्री सगळे चार्ज करा, दहा माणसांमागे एक जादा जोडी ठेवा, ट्रान्समीटर डोक्याच्या वर दोन मीटरवर बांधा. खाली ठेवला तर नाचणाऱ्यांची शरीरंच सिग्नल खातात. कानाचंही बघा: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० मात्र फक्त ४ तास. आणि हेडफोन लावून माणसं नकळत मोठमोठ्यानं बोलतात, ओरडून गातात. गावाला तोही आवाजच.

प्रश्न : माझं माहेर गुहागरजवळ. दर मेमध्ये घाटावरून आलेल्या पाहुण्यांशी आमच्या वाडीची बाचाबाची होते, एकदा हातघाईवर आलं. मी सोलापुरात नांदते, दोन्हीकडची बोलणी ऐकते. वाडीनं करायचं तरी काय? (विजापूर रोड)

उत्तर : ताई, अकरा वाजता जाऊ नका, सातला जा. अकराला पाहुणे रंगात असतात, काहींनी घेतलेली असते, वाडीतली माणसं चिडलेली असतात. सातला सामान लागत असताना दोन वडीलधारे आणि एक बाई अशी तिघं जा, नाव-गाव विचारा, वेळ सांगा. बहुतेक भांडणं इथेच मिटतात, कारण पाहुण्याला गाव कुणाचं हे माहीतच नसतं. त्याला वाटतं समुद्र सरकारचा.

ग्रामसभेत ठराव करून घ्या: लॉज-होमस्टे मालकानं पाहुण्यांना वेळ कळवायची, न कळवल्यास जबाबदारी त्याची. मालक गावातलाच असतो, वर्षभर त्याच्याशी बोलता येतं. त्याला वगळून पाहुण्यांशी भांडण्यात अर्थ नाही. वाडीतल्याच एखाद्या घरानं लग्नात रात्री बारापर्यंत डॉल्बी लावला असेल तर ठराव त्यालाही लागू हवा, नाहीतर पाहुणे तेच बोट दाखवतील.

तरीही ऐकलं नाही तर ११२. दहानंतर उघड्यावर स्पीकर चालू असणं हेच उल्लंघन आहे, तिथे डेसिबल सिद्ध करायची गरज नाही. दहाच्या आधी असेल तर मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त आवाजाची तक्रार करता येते. फोनवर ठिकाण, वेळ, गाडीचा नंबर सांगा. घराच्या ओटीवरून दोन मिनिटांचं चित्रीकरण ठेवा, पाहुण्यांच्या बायकामुलांचे चेहरे त्यात घेऊ नका. स्पीकरला हात लावू नका, वायर उपटू नका; त्या क्षणी तक्रारदाराचा आरोपी होतो.

प्रश्न : गोव्यात सगळं चालतं, मग कोकणातच एवढा जाच का? परदेशात असं असतं का? (सात रस्ता, सोलापूर)

उत्तर : गोव्यातही चालत नाही. नियम केंद्राचे आहेत, तिथेही उघड्यावर दहाला बंद. नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स संगीत ज्या हणजुणे किनाऱ्यावर घडलं, तिथल्याच रहिवाशांच्या आवाजाच्या तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनं तिथे किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणं, दारू पिणं किंवा बाटल्या फोडणं यासाठी एकट्याला २,००० आणि ग्रुपला १०,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला होता; २०२५ मध्ये तो आणखी वाढवला गेला.

परदेशात हेच चालू आहे. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूकेटीयू या रेडिओ केंद्रानं १९७८ मध्ये डिस्को लावायला घेतलं आणि काही महिन्यांत ते शहरात सर्वाधिक ऐकलं जाऊ लागलं. १९९६ मध्ये त्याच नावानं १०३.५ मेगाहर्ट्झवर पुन्हा डान्स संगीत आलं. ते ऐकत शहरातले लोक उन्हाळ्यात शेजारच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर जातात आणि तिथले गावकरी त्यांना ‘बेनी’ म्हणून हिणवतात. तिथल्या बऱ्याच गावांत किनाऱ्यावर उतरायला बिल्ला विकत घ्यावा लागतो. तो पैसा जीवरक्षक आणि सफाईवर खर्च होतो. एका गावानं बाहेरच्यांना जास्त दर लावला तेव्हा न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये ते रद्द केलं: दर घ्या, पण गावकरी आणि पाहुणे दोघांना सारखा. आपल्याकडे किनाऱ्यावर कर घेण्याची चर्चा होते तेव्हा हा निकाल वाचण्यासारखा आहे.

स्पेनच्या इबिझा बेटावरून बीबीसी रेडिओ १ नं १९९५ पासून डान्सचे कार्यक्रम थेट प्रसारित केले. तिथले उघड्यावरचे नाचघर शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे त्याआधीच छताखाली गेले होते. आणि २०२४ मध्ये त्या बेटावर स्थानिक लोक रस्त्यावर उतरले, ते घरभाडं आणि गर्दीविरुद्ध.

प्रश्न : फेब्रुवारीत वेळासला कासवं बघायला जायचंय. रात्री थोडी गाणी चालतील? (होटगी रोड)

उत्तर : नाही. ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वाळूत अंडी घालायला येतात, माणसांची वर्दळ आणि उजेड दिसला की अंडी न घालताच परततात. स्पीकर, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश, तिन्ही घरात ठेवा. पिल्लं पहाटे किंवा संध्याकाळी सोडतात तेव्हा दोरीच्या मागे उभे राहा. तिथे राहायची सोय गावातल्या घरांत असते. गाण्याला ते गाव निवडूच नका.

प्रश्न : सोलापूर-मिरज-कोल्हापूर करून आंबा घाटानं रत्नागिरीला जाताना रेडिओ तुटतो. (सांगोला)

उत्तर : एफएम जवळजवळ सरळ रेषेत जातं, डोंगर आडवा आला की संपलं. गाडीच्या जुन्या उभ्या अँटेनाची ७५ सेंटिमीटर लांबी एफएमला बरोबर बसते. नव्या बुटक्या अँटेना घाटात लवकर हार मानतात. घाटासाठी गाण्यांचे मिक्स आधी मोबाइलवर डाउनलोड करून घ्या आणि आवाज हळू ठेवा, वळणावर समोरच्याचा हॉर्न ऐकू यायला हवा.

प्रश्न : रत्नागिरीहून आल्यापासून ब्लूटूथ स्पीकर खरखरतो. पाणी लागलं नव्हतं. (अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : वाळू लागली असेल. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी, जड, लोहयुक्त वाळू आहे. तिच्यातले काही कण चुंबकाला चिकटतात आणि प्रत्येक स्पीकरमध्ये मागे चुंबक असतो. कण कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) मध्यभागी, व्हॉइस कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) फटीत गेले की घासतात. फुंकर मारू नका, व्हॅक्यूमही नको, कोन फाटतो. जाळी काढता येत असेल तर काढा, स्पीकर तोंड खाली करून धरा आणि चिकट निळी पुट्टी किंवा मास्किंग टेप हलक्या हातानं टेकवून कण उचला. फटीच्या आत गेले असतील तर ड्रायव्हर (डब्यातला कोन-चुंबकाचा भाग) बदलणंच बरं.

चार्जिंगच्या भोकात मीठ साचलं असेल तर मऊ ब्रश आणि काँटॅक्ट क्लीनर वापरा, पूर्ण वाळल्यावरच चार्ज करा. डब्यावर आयपी ६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) लिहिलं असेल तरी ती चाचणी गोड्या पाण्यात, एक मीटर खोल, अर्धा तास अशी असते. खाऱ्या पाण्याची हमी तिच्यात नाही. पुढच्या खेपेला वाळूवर ठेवू नका, ताटात किंवा टेबलावर ठेवा आणि परतल्याबरोबर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा.